बिनवासाचे ड्रम

मालनबाईला ड्रमाचा सगळा इतिहास नाकानं कळायचा. कापलेल्या तोंडात मान घालून एकदा श्वास ओढला की ती सांगायची, हा रंगाच्या कंपनीचा, हा साबणवाल्यांचा, आणि हा परत न्या, ह्याला आमी हात लावत नसतो.

वाळूजच्या एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत, अगदी शेवटच्या गल्लीत, तिचा आणि तिचा नवरा कडुबा याचा पत्र्याचा शेड होता. मागं मोकळी जागा, कोपऱ्यात बोअर. कंपन्यांत ज्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांतून रसायनं येतात ते रिकामे झाले की इथं यायचे. कडुबा आरीनं त्यांचं तोंड कापायचा, आत वाळू, बारीक खडी आणि कास्टिक सोडा टाकून ड्रम अंगणभर लोळवायचा आणि मग कमरेपर्यंत आत वाकून हातानं घासायचा. मालनबाई बाहेरून पाणी ओतायची, ड्रम उपडा करायची, दोन दिवस उन्हात ठेवायची. मुलगा राजकुमार तीनचाकी टेम्पोवर ड्रम बांधून गारखेडा, पुंडलिकनगर अशा भागांत गल्लोगल्ली विकायचा. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं संसारात आधी ड्रम येतो, मग फ्रिज. विकले गेले नाहीत असं कधी झालं नाही.

कडुबा आधी बारा वर्षं एका कंपनीच्या गेटवर माल चढवायचा-उतरवायचा. बारा वर्षांत ठेकेदार सात बदलले आणि कंपनीच्या रजिस्टरात त्याचं नाव एकदाही लागलं नाही. पाठीनं दगा दिला तेव्हा त्याला कुणी कामावरून काढलंसुद्धा नाही, कारण काढायला तो कुणाचा नव्हताच. मग हा ड्रमांचा धंदा. कडुबा उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब. ड्रमाच्या तळापर्यंत त्याचाच हात जायचा.

माल आणून द्यायचे काकासाहेब. चार-पाच कंपन्यांच्या गेटवरून भंगार उचलण्याचा ठेका त्यांच्याकडं होता. गोड बोलणारा माणूस. मालनबाईला ताई म्हणायचे, दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायचे. ड्रमावरच्या लेबलावर कवटीचं चित्र असलं की मालनबाई तो बाजूला काढायची. मेलेला मासा आणि वाळलेलं झाड, हे चित्रही तिला ठाऊक होतं. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण लेबलं इंग्रजीत; म्हणून चित्रं आणि नाक, एवढ्या दोनच गोष्टींवर तिची भिस्त होती.

करोनाच्या आदल्या वर्षी काकासाहेबांनी नवा माल आणला. ड्रम कोरेकरकरीत, लेबलं खरवडून काढलेली, आणि वास अजिबात नाही.

"लेबल कुठं गेलं हो?" मालनबाईनं विचारलं.

"अगं ताई, कंपनीच्या नावाचा कोणी गैरवापर करतं म्हणून तेच काढून देतात. आत पाण्यागत माल होता. तू वास घे की."

तिनं वास घेतला. कडुबानंही घेतला. काहीच नाही. नुसतं प्लास्टिक.

ते ड्रम धुवायला इतके सोपे होते की कडुबानं सोडा वापरणंच सोडलं. नुसतं पाणी आणि हात. आठ-नऊ महिने तेच ड्रम येत राहिले. मालनबाई मनातून खूष होती, रोजचं खोकणं थांबलं होतं.

आधी कडुबाच्या तळहातांची सालं निघायला लागली. साप कात टाकतो तशी. हात सतत घामेजलेले. सोड्यानं झालं असेल म्हणून तिनं खोबरेल लावलं, आणि लावता लावता तिलाच आठवलं की सोडा तर ह्यानं कधीचा सोडलाय. मग एक दिवस तो चहाच्या टपरीवरून घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत निघून पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता. राजकुमार हसला, कडुबाही हसला. महिन्याभरानं त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. आणि मग अंगणात उभ्या उभ्या तो असा खाली बसला, जसं कुणी पायांतलं हाडच काढून घ्यावं.

खाजगी दवाखाने झाले. साखर तपासली, ताकदीच्या बाटल्या चढवल्या. लॉकडाऊनमध्ये वर्षातले कितीतरी महिने वाया गेले. शेवटी घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईनं तळपायाला टाचणी टोचली, त्याला कळली नाही. मग तिनं विचारलं, "बाबा, काम काय करता?"

इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. कडुबानं सांगितलं. ती लिहायची थांबली. "त्या ड्रमांत काय होतं?"

"ठाऊक नाय. वास नव्हता."

"ते काम आजपासून बंद. शिरा गेल्यात हातापायांच्या. थोड्या परत येतील, सगळ्या नाही," ती म्हणाली आणि कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

तो कागद पुढं बुद्धभूषण वकिलानं वाचला. बुद्धभूषण अदालत रोडवर वकिली करायचा, वय तिशीचं, दर रविवारी वस्तीतल्या विहारात बसून लोकांचे अर्ज फुकट भरून द्यायचा. कडुबाला अंगठा द्यायलाही दुसऱ्यानं हात धरावा लागला, ते पाहून त्यानं चौकशी केली.

"मावशी, हा दावा होतो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी लिहिलंय बघा, एक्सपोजर."

"म्हंजी?"

"म्हणजे विषाशी संपर्क आला."

"संपर्क कसला साहेब? कंबरेपत्तुर आत असायचे ते."

त्यानं वाचून दाखवलं खरं, पण एक गोष्ट तेव्हा सांगितली नाही. त्या शब्दापुढं डॉक्टरीणबाईनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

मालनबाई आधी तयार नव्हती. कंपनीवर केस करायची म्हणजे डोंगराला ढुसण्या द्यायच्या, हे तिला कळत होतं. पण कडुबा, जो कधी कशाला हट्ट करायचा नाही, तो म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ दे. त्येच्यात काय होतं तेवढं इचार त्यांना. मला कळू दे, मला काय झालंय ते."

दावा दाखल झाला. वादी कडुबा, प्रतिवादी क्रमांक एक, बिनलेबलचे ड्रम काकासाहेब जिच्या गेटवरून उचलायचे ती कंपनी, क्रमांक दोन काकासाहेब. मालनबाई नवे शब्द शिकत गेली. कैफियत हा शब्द तिला आधीपासून ठाऊक होता. तिला वाटायचं, ज्याचं गाऱ्हाणं आहे त्यानं कैफियत मांडायची. कोर्टात कैफियत प्रतिवादीची असते. कंपनीची कैफियत एकवीस पानांची आली. बुद्धभूषणनं तिला त्याच्या टेबलाशी बसवून मराठीत सांगितली. वादीला आम्ही ओळखत नाही. तो आमचा कामगार नाही. रिकामे ड्रम आम्ही नियमाप्रमाणे ठेकेदाराला दिले, त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. ड्रमांत काय होतं ते आमचं व्यापारी गुपित आहे. आणि सतरावा मुद्दा असा, की रसायनाचे रिकामे ड्रम हा कायद्यानं घातक कचरा असून वादी आणि त्याची पत्नी तो विनापरवाना हाताळत होते.

"इनापरवाना?" मालनबाई म्हणाली. "आमी तर धुतो नुसते."

बुद्धभूषणनं पेन खाली ठेवलं. "मावशी, धुवायलाच परवाना लागतो."

"मग मला आधी का नाय सांगितलं?"

त्याला वाटलं होतं, कंपनी स्वतःच्या अंगावर येईल म्हणून हा मुद्दा काढणार नाही. कंपनीच्या अंगावर काही आलं नाही. पावत्या होत्या.

काकासाहेबांची कैफियत दीड पानाची होती. ड्रम त्यांनी दिलेच नव्हते. मालनबाईकडं कसलाही कागद नव्हता. सगळा व्यवहार ताई-दादा म्हणत, तोंडी झालेला.

कैफियत दाखल झाल्यावर तीनच आठवड्यांत प्रदूषणवाले दारात आले. कुणीतरी लेखी तक्रार केली होती. आलेला साहेब भला होता, त्यानं आवाज चढवला नाही. दोन पंच बोलावले, पंचनामा केला, ड्रम मोजले. मागच्या अंगणातली माती खणून पिशव्यांत भरली, बोअरचं पाणी बाटल्यांत भरलं. मालनबाईनं त्यालाही तेच विचारलं, "साहेब, ह्येच्यात काय हाय?"

"तेच तपासायला नेतोय बाई."

"म्हंजी आता कळंल?"

"तुमच्या अंगणात काय आहे ते कळेल," साहेब म्हणाला आणि शेडला सील लावून गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'विषारी ड्रममधून पाणी. वस्तीतील अवैध धंद्यावर छापा.' मालनबाईचं नाव पुरं छापलं होतं. कंपनीचं नाव कुठंच नव्हतं, 'एका कंपनीतील' एवढंच. त्या दिवसापासून लोक ड्रम परत आणायला लागले. कुणी रिक्षातून आणले, कुणी स्कूटरच्या मागं बांधून. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसता ड्रम गल्लीत टाकून गेला. शेडला सील, म्हणून ते दारासमोरच पडायचे. लहानथोर सगळ्यांना ते ओलांडून जावं लागायचं. शेजारणी आधी कीव करायच्या, आता बोअरचं पाणी भरायला येईनाशा झाल्या. मातीतून ते खाली झिरपलं असेल तर? मालनबाईलाही पहिल्यांदाच जाणवलं, की आपण ओतलेलं पाणी इतकी वर्षं कुठं जात होतं याचा आपण कधी विचार केला नाही. उतार कुणाच्या घराकडं आहे, ते तर रोज दिसत होतं.

एका दुपारी पुंडलिकनगरहून मंजुषा नावाची बाई आली. शाळेत शिक्षिका होती. तिनं ड्रम आणला नव्हता. ती ओट्यावर बसली, पाणी नको म्हणाली आणि शांतपणे विचारलं, "मावशी, तुमच्या मुलानं आम्हाला दोन ड्रम दिले होते. चार वर्षं स्वयंपाकाचं पाणी त्यातच साठवतोय. माझी धाकटी तेच पाणी पिऊन मोठी झाली. त्या ड्रमांत काय होतं, एवढं सांगाल का?"

बुद्धभूषणनं मालनबाईला बजावून ठेवलं होतं, मावशी, ड्रमाबद्दल कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही; जे बोलाल ते कबुली म्हणून तुमच्यावर उलटेल. घरात कडुबा भिंतीला टेकून बसला होता, सगळं ऐकत होता. मालनबाईला गप्प राहता आलं असतं. कंपनी गप्पच होती की.

"मला ठाऊक नाय, बाई," ती म्हणाली. "वास गेला म्हंजी इख गेलं, आमी असंच धरून चाललो. तुमच्या ड्रमाला वास होता का नव्हता, ते बी आता आठवत नाय. बिनवासाचे असतील तर... मला ठाऊक नाय. पोरीला एकदा डॉक्टरला दाखवा. काम काय करता असं इचारणाऱ्या डॉक्टरला दाखवा."

मंजुषा रडली नाही, भांडली नाही. जाताना तिनं दारातून कडुबाकडं पाहिलं. त्याच्या मांडीवर पडलेले हात पाहिले.

तिनं प्रदूषणवाल्यांकडं तक्रार केली, आणि ती तक्रार करणं चूक होतं असं मालनबाई आजही म्हणत नाही. मुलीला काही झालेलं निघालं नाही, एवढं पुढं राजकुमारच्या कानावर आलं. पण तक्रारीची नक्कल कंपनीच्या वकिलाच्या हाती लागली.

मालनबाई साक्षीला उभी राहिली तोवर दावा जुना झाला होता. इतका, की मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं आणि कारकुनानं फायलीवरचं औरंगाबाद खोडून छत्रपती संभाजीनगर लिहिलं. कंपनीचा वकील पिकल्या केसांचा, मऊ आवाजाचा. त्यानं तिला बसायला खुर्ची हवी का तेही विचारलं.

"तुम्ही आणि तुमचे पती एकच काम करत होता?"

"व्हय."

"एकाच शेडमध्ये, त्याच ड्रमांवर?"

"व्हय. पर ते आतून घासायचे, मी बाहेरून..."

"तुम्हाला हा आजार नाही?"

"नाय. हाताची सालं निघाली होती थोडी."

"आजार नाही. बरं. पती दारू घेत होते?"

मालनबाईनं बुद्धभूषणकडं पाहिलं. तो फायलीत पाहत होता. "लग्नाकार्याला. कवाकवा."

"घेत होते," वकील लिहिणाऱ्याला म्हणाला. "डॉक्टरांच्या या कागदावर रसायनाच्या संपर्कापुढं प्रश्नचिन्ह आहे, तुम्ही पाहिलंय?"

तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वाकडं, घाईत काढलेलं, छोटंसं चिन्ह. त्या डॉक्टरीणबाईला साक्षीला बोलवायचं होतं, पण ती शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात गेली होती, दोन समन्स परत आली होती.

"आता शेवटचं. ड्रमांत काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, असं तुम्ही मंजुषाताईंना स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

"सांगितलं."

"म्हणजे ड्रमांत काय होतं ते तुम्हालाच ठाऊक नाही."

"तेच तर इचारायला आलोय आमी हितं!" मालनबाईचा आवाज चढला. "सा वर्सं झाली. तुमाला ठाऊक हाय ना? मग सांगा की! इतकी माणसं बसलीत हितं, एक जण तरी सांगा!"

न्यायाधीशांनी तिला शांत व्हायला सांगितलं. तिचं ते बोलणं प्रश्नाचं उत्तर नव्हतं म्हणून लिहून घेतलं गेलं नाही. लिहिलं गेलं ते एवढंच: हे खरं आहे की, ड्रममध्ये काय होते हे मला माहीत नाही.

निकाल दावा फेटाळल्याचा लागला. बुद्धभूषणनं पायऱ्यांवर बसून समजावून सांगितलं. अमुक विषानं अमुक आजार झाला हा कार्यकारणसंबंध वादीनं सिद्ध केला नाही. ते विष अमुकच कंपनीचं होतं, हेही केलं नाही. आणि धोक्याचं काम त्यानं स्वतःहून पत्करलं होतं.

"सवताहून," मालनबाई म्हणाली.

"अपील करू, मावशी. नव्वद दिवस आहेत."

"गुपित कुणाचं? त्यांचं. आन शाबित कुणी करायचं? आमी. मग अपिलात काय येगळं व्हनार हाय, साहेब?"

त्यानं सहा वर्षांत एक रुपया फी घेतली नव्हती, म्हणून तिला त्याच्यावर धड चिडताही येईना.

मातीचा अहवाल मात्र आला होता. त्यात नावं होती, लांबलचक, वाचता न येण्यासारखी, आणि त्यांच्यापुढं आकडे. सोबत नोटीस. प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई करावी, या तत्त्वानुसार ती माती उचलून योग्य जागी नेण्याचा खर्च जागेच्या ताबेदारानं, म्हणजे कडुबानं, करायचा होता. बोअरवर लाल रंगाची फुली मारली गेली. मालनबाईनं ती लांबलचक नावं राजकुमारकडून मोबाईलवर शोधून घेतली आणि कडुबाला वाचून दाखवली. "ह्येच्यातलं कंचं?" त्यानं विचारलं. अकरा नावं होती. तिला सांगता आलं नाही.

त्याच वर्षी काकासाहेबांना रीतसर परवाना मिळाला. शेंद्र्याच्या बाजूला त्यांनी ड्रम धुण्याचा कारखानाच टाकला. मोठा शेड, सिमेंटची फरशी, भिंतीवर कवटीचं चित्र आणि खाली 'सुरक्षा प्रथम'. त्यांनी निरोप पाठवला की झालं गेलं विसरून जा, ताईला कामाचा अनुभव आहे, तिनं बायकांवर मुकादम म्हणून यावं. मालनबाईनं निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. ती आता एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करते. सकाळी चाळीस, संध्याकाळी तीस. पाणी टँकरचं घेते.

राजकुमार मात्र त्या कारखान्यात कामाला गेला. तिला न सांगता गेला. पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा हातात एक छापील कागद होता, मराठीतला. तिनं चष्मा लावून वाचला. 'कामातील धोके मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले असून मी स्वखुशीने काम स्वीकारत आहे. भविष्यात उद्भवणाऱ्या कोणत्याही आजाराबाबत...' खाली त्याची सही होती.

"कुणी काय समजावलं रं तुला?"

"काय नाय. वेळ कुठंय त्यांना. हातमोजे देतात, माय. मास्क देतात. बाबाला काय व्हतं?"

"सही कशाला केलीस?"

"सगळ्यांनीच केली. न करून कुठं जाऊ? टेम्पो गेला, धंदा गेला. ड्रम धुण्याबिगर मला काय येतं, सांग तूच."

तिला बोलायचं होतं की हा कागद एक दिवस तुझ्या तोंडासमोर धरतील, मऊ आवाजात वाचतील. पण कडुबा भिंतीशी बसून दोघांकडं पाहत होता, आणि त्याच्यासमोर तिला ते बोलवेना.

राजकुमारची तीन वर्षांची पोर बापाला पाहून पळत आली. मालनबाईनं तिला अर्ध्या वाटेत दंडाला धरून अडवलं. पोर रडायला लागली. "थांब," मालनबाई ओरडली, नेमकी कुणावर ते तिलाही कळलं नाही. तिनं दारात टँकरच्या पाण्याची बादली आणि साबण ठेवला. राजकुमारला कपडे बाहेर काढायला लावले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "झालं की आता, काय वास येतोय का बघ."

तिनं वास घेतला नाही. पोरीला काखेत घट्ट धरून ती म्हणाली, "अजून धू."

आता रोज संध्याकाळी साडेसहाला ती दारात बादली घेऊन उभी असते. वस्तीतले लोक म्हणतात, कोर्टाच्या फेऱ्यांनी बाईचं डोकं फिरलं.